डोळ्यांचं इंग्रजी, कानांचं इंग्रजी

‘पॅरामीटर’ हा शब्द पोलादपूरच्या मुलाने पुस्तकात शंभरदा वाचलेला असतो. परदेशी विद्यापीठाच्या व्याख्यानात तो ‘परॅमिटर’ होऊन येतो आणि ओळखीचा माणूस गर्दीत चुकावा तसा निसटतो. तो आठवेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात.

महाडच्या उत्तरेला लोणेऱ्यात १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मराठी शाळेतून अशा ठिकाणी पोचलेल्या मुलांचं इंग्रजी बहुतेक डोळ्यांनी शिकलेलं असतं. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं खरं, पण एका तासाचा विषय म्हणून. ‘सेमी इंग्रजी’च्या वर्गातही पुस्तक इंग्रजी आणि समजावणं बरेचदा मराठीतच.

याच भागातून पूर्वीही मुलं परदेशी शिकलीच की, असं कुणी म्हणेल. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे केंब्रिजला शिकले. त्यांची बुद्धी असामान्य होतीच. पण त्या काळी हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत गणित-इतिहासही इंग्रजीतून चाले, हे विसरून कसं चालेल?

गोची उच्चारांच्या ठेक्यात आहे. मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत एकावर जोर पडतो, शेजारची गिळली जातात. जोर सरकला की ‘फोटोग्राफ’चा ‘फटॉग्रफर’ होतो. म्हणून नवा शब्द अर्थासोबत आवाजानेही शिकावा लागतो. आयआयटींची एनपीटीईएल व्याख्यानं फुकट आहेत. त्यातली पाचच मिनिटं घ्यावीत: आधी अक्षरपट्टी (सबटायटल्स) बंद ठेवून, मग ती वाचत, मग पुन्हा बंद करून. ‘हाउएव्हर’ आलं की गाडी वळणार, ‘फॉर एक्झाम्पल’ आलं की लेखणी क्षणभर थांबवली तरी चालेल, हेही कानाला कळू लागतं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, वेगळीच अडचण. मूल मनात अख्खं मराठी वाक्य रचतं, मग शेवटचं क्रियापद उचलून मधे आणायला धडपडतं. त्यापेक्षा ‘द मेन रीझन इज’सारखी सुरुवात तोंडात बसलेली बरी. काही कळलं नाही तर नुसती मान हलवण्याऐवजी ‘कुड यू रिपीट द लास्ट पॉइंट?’ एवढं विचारता यावं.

आणि घरी एखादी आकृती समोर ठेवून मोबाइलवर एक मिनिट बोलावं. स्वतःचा आवाज ऐकून बहुतेक जण लाजतात, लगेच पुसतात. पुसू नये. आठवड्याने त्याच आकृतीवर पुन्हा बोलून दोन्ही मिनिटं लागोपाठ ऐकावीत.