दोष मेथीचा, शिक्षा काकडीला
शेतकऱ्याने वही का ठेवावी, हे सांगणारी २०११ सालची गोष्ट

कडधान्य रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे आणि मोड आले की उसळ करायची, हे आपल्याकडे घरोघरी चालते. मेथीलाही असेच मोड आणतात. २०११ साली याच मोड आलेल्या मेथीमुळे जर्मनीत ३,८००हून अधिक माणसे आजारी पडली आणि ५०हून अधिक दगावली. खरे कारण सापडेपर्यंत शिक्षा मात्र स्पेनमधल्या काकडी पिकवणाऱ्यांना भोगावी लागली. बेळगाव परिसरातल्या अनेक घरांचा भाजीपाला रोज बाजारात जातो, म्हणून ही हकीकत आपण समजून घेतली पाहिजे.

काय घडले?

मे २०११मध्ये हॅम्बुर्ग आणि उत्तर जर्मनीच्या इतर भागांत रक्ती जुलाबाचे रुग्ण एकाएकी वाढले. जंतू होता ई. कोलाय. या जंतूचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात. हा प्रकार मात्र विष तयार करणारा होता. ८००हून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. एरवी या विकाराचा फटका लहान मुलांना अधिक बसतो. इथे बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि त्यांत बायका जास्त होत्या.

रुग्णांना "काय खाल्लेत?" असे विचारल्यावर पुष्कळांनी टोमॅटो, काकडी आणि कोशिंबिरीचा पाला सांगितला. त्यावरून २५ मे रोजी उत्तर जर्मनीत हे तिन्ही पदार्थ कच्चे खाऊ नयेत, असा सल्ला देण्यात आला. दुसऱ्याच दिवशी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घातक ई. कोलाय सापडल्याचे जाहीर केले. ३१ मे रोजी त्याच खात्याला सांगावे लागले की काकडीवरचा जंतू निराळा आहे, रुग्णांच्या पोटातला नव्हे.

तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. स्पेनच्या निर्यातदारांनी आठवड्याला सुमारे २० कोटी युरोंचे नुकसान सांगितले. काकडीबरोबर टोमॅटो आणि मिरचीलाही गिऱ्हाईक उरले नाही. रशियाने तर २ जूनला संपूर्ण युरोपीय संघातून येणारा ताजा भाजीपाला बंद केला. वालेन्सियात शेतकऱ्यांनी जर्मन वाणिज्य दूतावासासमोर भाजीपाला ओतून संताप व्यक्त केला. पुढे युरोपीय संघाने शेतकऱ्यांसाठी २१ कोटी युरोंची मदत मंजूर केली, पण गेलेला हंगाम परत आला नाही.

"काकडी निर्दोष आहे" असे जाहीर होऊनही बाजार सावरला नाही, याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. खरे कारण हाती लागेपर्यंत लोकांचा संशय सगळ्याच भाज्यांवर राहिला.

खरे कारण कसे सापडले?

माणसांना ताटातला मुख्य पदार्थ आठवतो, वर भुरभुरवलेले चार मोड आठवत नाहीत. म्हणून तपास करणाऱ्यांनी पुढे रुग्णांच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाही. ल्यूबेक शहरातल्या एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांनी कोणता पदार्थ मागवला होता, हे बिलांवरून काढले. त्या पदार्थात काय काय घातले जाते, हे स्वयंपाक्याला विचारले. ज्यांच्या ताटात मोड होते, त्यांच्यातच आजार कितीतरी पटींनी जास्त निघाला.

दुसऱ्या बाजूने माल कुठून आला, याचा माग काढणे चालू होते. रुग्णांचे ४१ गट ज्या उपाहारगृहांत वा कँटीनमध्ये जेवले होते, तिथे आलेले मोड लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीननब्यूटेल या गावच्या एकाच सेंद्रिय शेतावरून गेले होते. ५ जूनला त्या शेताकडे बोट दाखवले गेले. सुरुवातीचे नमुने स्वच्छ आले, तरी पुरवठ्याच्या नोंदी आणि रुग्णांची माहिती जुळत असल्यामुळे १० जूनला मोडांवर शिक्कामोर्तब झाले. काकडी, टोमॅटो आणि पाल्यावरची सूचना त्याच दिवशी उठली.

वही दोन्ही बाजूंनी बोलली

त्या शेतावर ना जनावरे होती, ना शेणखताचा वापर. मोड आणायला बियाणे आणि पाणी एवढेच लागते. तिथल्या काही कामगारांनाही लागण झाली होती. शेत बंद झाले, माल परत मागवला गेला.

जूनमध्येच फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बेगल गावी तोच जंतू निघाला. तिथल्या मोडांचा जर्मन शेताशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडच्या बियाण्यांच्या पावत्या पडताळल्यावर समान दुवा निघाला मेथीचा. इजिप्तहून २००९ साली निघालेली १५ टन मेथी व्यापाऱ्यांच्या हातून फुटत फुटत गेली होती, आणि तिच्यातली ७५ किलो बीननब्यूटेलला पोचली होती. बियाण्याच्या नमुन्यांत तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. निष्कर्ष निघाला तो कागदांच्या आधारे. इजिप्तने तो मान्य केला नाही, पण युरोपने जुलैमध्ये तिथून येणाऱ्या मेथीवर बंदी घातली.

म्हणजे शेताच्या नोंदींनी आधी शेताकडे बोट दाखवले, आणि मग त्याच कागदांनी मूळ आणखी मागे आहे हे दाखवले. शिवाय त्यांच्यामुळेच काकडीवाल्यांवरचा संशय कायमचा मिटला. मार्च २०१३मध्ये युरोपीय संघाने मोडांचे आणि त्यांच्या बियाण्याचे प्रत्येक हस्तांतर नोंदवणे बंधनकारक केले.

आपल्याकडे काय?

बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्यात जाते. वाटेत अडतीवर दहा शेतकऱ्यांचा माल एका गाडीत एकत्र होतो. उद्या त्यातल्या एका जुडीने कोणी आजारी पडले, तर ती कोणाच्या शेतातली हे सांगता येईल का? सांगता आले नाही, तर नाव खराब होईल ते सगळ्या बेळगावच्या भाजीचे.

आपल्याकडच्या द्राक्षांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'अपेडा'च्या ग्रेपनेट व्यवस्थेत बागेची नोंदणी होते आणि पेटीवरून बागेपर्यंत पोचता येते. पालेभाजीला तसे काही नाही. २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा कलम १८(३) प्रमाणे शेतकऱ्याला आणि शेतीला लागू होत नाही. त्यामुळे शेतकऱ्याने वही ठेवायची ती स्वतःसाठी. त्यासाठी शंभर पानी वही पुरे.

वहीत काय लिहावे: कोणत्या तुकड्यातली भाजी, बियाणे कोठून घेतले, पाणी विहिरीचे की नाल्याचे, खत केव्हा घातले, काढणीची तारीख, किती जुड्या वा क्रेट, आणि माल कोणत्या अडत्याकडे गेला. अडत्याची पट्टी फेकू नये. क्रेटवर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावावी.

शेतात काय पाळावे: पालेभाजीला ताजे शेण घालू नये, पुरते कुजलेले खत वापरावे. काढलेली भाजी नाल्याच्या पाण्यात बुचकळू नये. जुलाब होत असलेल्या माणसाला काढणीला लावू नये.

तक्रार आली तर: काढणी थांबवावी, शिल्लक माल बाजूला ठेवावा, अडत्याला लगेच कळवावे आणि वही दाखवावी. लपवालपवीत गेलेल्या प्रत्येक दिवसात आणखी ताटे वाढली जातात.

घरच्यांसाठी दोन शब्द

मोड आणताना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. बियाण्यातच जंतू असेल, तर नुसते धुऊन तो जात नाही, पण शिजवल्यावर मरतो. आपली उसळ म्हणूनच सुरक्षित. लहान मुले, गरोदर बायका आणि वयस्कर माणसे यांना कच्चे मोड देऊ नयेत. जुलाबात रक्त दिसले, तर स्वतःहून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि मागच्या आठवड्यात काय खाल्ले ते आठवून सांगावे. त्यात वर भुरभुरवलेले मोडही विसरू नयेत.