जड पाणी आणि वाईट पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुकूम असो की बाबूपेठ, चंद्रपुरात नवे बिऱ्हाड आले की शेजाऱ्यांना पहिला प्रश्न पाण्याचा असतो. उत्तरही ठरलेले असते, "नळाचे चांगले आहे, पण बोअरचे फार जड." मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो, "सर, पाणी जड आहे, मशीन घेऊ का?" त्याआधी जड म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या नळाला येणारे पाणी मुख्यतः इरईचे. ते पावसाचे साठवलेले पाणी, खडकाशी फार काळ संबंध न आलेले. बोअरचे पाणी मात्र वर्षानुवर्षे खडकाच्या फटींत राहते. पावसाचे पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. राजुरा-कोरपना भागात चुनखडीचे मोठे थर आहेत. त्यांच्याच जोरावर आवारपूर, गडचांदूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले. अशा खडकातून आलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे पाणी जड होते. गडचिरोलीकडे खडक बराचसा ग्रॅनाइटसारखा कठीण. तिथे काही ठिकाणी बोरिंगच्या पाण्याला लोखंडाची चव येते आणि भांडी तांबूस होतात.

जड पाण्याचा त्रास गृहिणींना चांगला ठाऊक आहे. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, वीजबिल वाढते. पाणी उकळले की जडपणाचा काही भाग थराच्या रूपाने खाली बसतो. पातेल्याच्या तळाचा पांढरेपणा तोच. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्यानेच मुतखडा होतो, हेही ठामपणे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे अधिक मोठे कारण आहे.

म्हणजे जड पाणी त्रासाचे, पण घातक असेलच असे नाही. घातक गोष्टी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत. जंतू ही त्यातली पहिली. दुसरी नायट्रेट, जे खतांतून आणि सांडपाण्यातून विहिरीत उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तान्ह्या बाळांना त्याचा धोका अधिक. तिसरी फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत ते खडकातूनच पाण्यात येते. ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दीडच्या वर तर नकोच. जास्त झाले की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. फार जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडतात. पक्के दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पडलेला डाग पुढे घासून जात नाही.

आता गंमत पाहा. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाते, पाण्यात फारसे राहत नाही. कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात ते सहज विरघळून राहते. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याला छान फेस येतो, ज्यात डाळ पटकन शिजते आणि ज्याला सगळे गाव गोड म्हणते, त्यातच फ्लोराइड जास्त असू शकते. चवीवर विसंबू नये, ते यासाठी.

विक्रेते घरी येऊन एक प्रयोग दाखवतात. तुमच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवल्या की ते तपकिरी होते, मशीनचे पाणी स्वच्छ राहते. तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, लोखंडाच्या कांडीच्या गंजाचा आहे. क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडी झिजते. मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा; तेही तपकिरी होईल. टीडीएसचे मीटरही एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यातून जंतू कळत नाहीत, फ्लोराइडही नाही.

कोणता उपाय कशावर, हे लक्षात ठेवावे. तुरटीने गढूळपणा बसतो. उकळल्याने आणि अतिनील दिव्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जात नाही. उकळून पाणी आटले तर उलट त्याचे प्रमाण वाढते. आरओने क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कमी होते, मात्र बरेच पाणी वाया जाते. गावपातळीवर फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत विकसित केली आहे.

तेव्हा मशीन घेण्याआधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. नमुना घेण्याआधी बोअर पाच-दहा मिनिटे चालू ठेवा, बाटली त्याच पाण्याने विसळून भरा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती प्रयोगशाळेतूनच घ्या आणि विसळू नका. एक तपासणी उन्हाळ्यात, दुसरी पावसाळ्यानंतर करावी. अहवालात जडपणाचा आकडा पाहालच. पण घरात लहान मूल असेल तर आधी फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू या तीन ओळी वाचा. नळाचे पाणी नीट येत असेल तर ते पिण्याला आणि बोअरचे धुण्याभांड्याला, एवढी वाटणीही पुष्कळ घरांना पुरते.