विश्लेषण : निर्यात थांबली की शहर का आकसते?

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याची बातमी १८६५मध्ये मुंबईत धडकली आणि कापसाचे भाव कोसळले. १८६४च्या शिरगणतीत ८,१६,५६२ असलेली शहराची लोकसंख्या १८७२मध्ये ६,४४,४०५ नोंदवली गेली. मोजणीच्या पद्धतीतील फरक जमेस धरला, तरी घट मोठी होती. हा इतिहास मुंबईचा असला, तरी त्याचा धडा रत्नागिरीच्या कामाचा आहे.

तेजी कशावर उभी होती?

१८६१पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाच्या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. मात्र, हा डोलारा मुख्यतः एकाच वस्तूवर आणि एकाच गिऱ्हाइकावर उभा होता.

माणसे का जातात?

निर्यात थांबली की आधी हमाली आणि बांधकामावरील रोजंदारी जाते. मग त्या मजुरीवर चालणारी खाणावळ, वाण्याचे दुकान, खोलीचे भाडे. इमारती जागेवर राहतात, माणसे निघतात. ज्याचे घर गावी आहे, तो सर्वात आधी निघतो. शहराचा तोटा असा गावाच्या खात्यावर चढतो.

रत्नागिरीचा संबंध काय?

१८८१मध्ये मुंबईच्या सुमारे पावणेआठ लाख लोकसंख्येत सव्वा लाखाच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप लांबल्यावर अनेकांनी कोकणातील गाव गाठले. पण गावच्या भातशेतीवर वर्ष निघत नव्हते. मनीऑर्डरवर चालणाऱ्या या जिल्ह्याची मोठी निर्यात माणसांचीच राहिली. जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये १६,९६,७७७ होती. २०११मध्ये ती १६,१५,०६९वर आली.

आता धोका कुठे?

फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने मे २०१४पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली. ही बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली. त्या काळात बागा ओसाड पडल्या नाहीत, कारण बहुतांश हापूस वाशीच्या बाजारात आणि देशातच विकला जातो. दुसरे गिऱ्हाईक हाताशी होते.

मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील मासळी प्रक्रिया उद्योगाची भिस्त मात्र परदेशी बाजारावर अधिक आहे. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले, तेव्हा देशभरातील कोळंबी निर्यातदार धास्तावले. दूरच्या राजधानीतील एका आदेशाने गिऱ्हाईक कसे तुटू शकते, हे त्यातून दिसले.

अनेक देशांत बाजार, देशांतर्गत विक्री आणि मंदीत कामगारांना तगवणारी मदत, हे त्यावरचे उपाय. ते तेजी असतानाच करावे लागतात. धक्का बसल्यावर नेपाळहून आलेला खलाशी गावी परतू शकतो. मिरकरवाड्यातच घर असलेल्या मासेविक्रेतीला परतायला दुसरे गाव नाही.