चष्म्यातलं दुकान आणि कोपऱ्यावरचं दुकान

“डोळ्यांवर तो चष्मा चढवला की मूल बोलायला लागतं म्हणे!” ऑटिस्टिक मुलांच्या आईबाबांच्या तोंडी हे वाक्य येतं ते आशेपोटी, म्हणून त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. तसं होत नाही. ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी असणं. त्या चष्म्यातून दिसणारं व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, ती बदलत नाही. ते देतं तालमीची जागा. बाहेर चुकलं तर लोक वळून बघतात, मागचा माणूस खेकसतो. इथे तोच प्रसंग दहा वेळा थांबवून पुन्हा सुरू करता येतो, गर्दी आणि आवाज कमी करता येतात.

त्यासाठी चष्मा लागतोच असंही नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ब्लू रूम’ नावाची खोली वापरली. दृश्य चारी बाजूंच्या पडद्यांवर, मूल मधोमध आणि त्याच्या शेजारी मानसतज्ज्ञ. कुणाला भरलेल्या बसची भीती, कुणाला कबुतरांची. आधी श्वास संथ करायला शिकवायचं, मग मुलाला पेलेल तेवढंच दृश्य पुढे न्यायचं. अशा चार बैठका झाल्या की आईबाबांबरोबर खऱ्याखुऱ्या बसकडे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ९ मुलगे होते. त्यांतल्या ८ जणांना फरक पडला, ४ जणांची ती भीती पूर्ण गेली. पुढे ३२ मुलांची जास्त काटेकोर चाचणी झाली. तिथे सहा महिन्यांनी, उपचार मिळालेल्या १६ पैकी ६ मुलांमध्ये ठोस सुधारणा दिसली. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. सहा घरांसाठी ती मोठी गोष्ट आहे, आणि उरलेल्या दहा घरांना कुणी खोटी आशा दाखवू नये.

“आमचा मुलगा डोक्याला टोपी लावू देत नाही, तो हे काय घालणार?” काही मुलं खरंच घालत नाहीत आणि तिथे जबरदस्ती नकोच. पण आधीच नाही म्हणू नये. अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड यांनी १९९६ साली दोन लहान ऑटिस्टिक मुलांबरोबर केलेल्या प्रयोगाची नोंद आहे. तेव्हाची हेल्मेटं चांगलीच जड. तरी दोघांनी ती घातली आणि आभासी रस्त्यावरची गाडी ओळखून दाखवली.

सगळ्यात जास्त फसवणारा समज मात्र वेगळाच: आत जमलं की बाहेर जमलंच. नॉटिंगहॅममध्ये सारा पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावर एक कॅफे उभा केला होता. बसायला जागा शोधायची. आधी टेबलं रिकामी, मग प्रत्येक टेबलाशी कुणीतरी, आता “इथे बसू का?” असं विचारावंच लागतं. शिक्षक शेजारी बसून “हीच खुर्ची का?” म्हणून विचारायचे, आणि खरं शिकणं त्या बोलण्यातून व्हायचं. सहा किशोरवयीन मुलांबरोबरचा हा अभ्यास २००७ साली छापून आला. नंतर खऱ्या कॅफेचं चित्रण दाखवल्यावर काहींना जागा निवडण्याचं कारण आधीपेक्षा नीट सांगता आलं. काहींना, सगळ्यांना नाही.

एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना जड जातं. त्यात दृश्य परदेशी असेल तर विचारूच नका. आभासी सुपरमार्केटमध्ये मूल रांगेत उभं राहायला शिकतं, आपली पाळी आली की बोलतं. आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रांग कुठे असते? तिथे चार हात एकदम पुढे येतात, कुणी मागूनच “दादा, अर्धा किलो साखर!” म्हणतं आणि साखर घेऊन जातंही. शिकवल्याप्रमाणे पाळीची वाट बघणारं मूल तिथे अर्धा तास उभं राहील, आणि त्यात चूक त्याची नसेल. म्हणून कुठल्याही केंद्राला आधी विचारावं: दृश्यं कुठली आहेत, आणि मुलाबरोबर बाहेर दुकानात कोण जाणार?

घरीच हेडसेट आणायचा विचार असेल तर वयाची अट बघा. मेटा कंपनीची अट किमान १० वर्षांची आहे. मुलाला फिट येत असतील, आणि ऑटिझमबरोबर ते प्रमाण जास्त असतं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि “या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही” हे तर आता सोडायलाच हवं. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकांनी २०१२ साली मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. एडिंबरामधल्या २०२० च्या प्रयोगात एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त गळाली. मग तालमीत नुसतं “डोळ्यांत बघून बोल” कशाला घोकून घ्यायचं? त्या आभासी दुकानात मुलाने हेही म्हणून बघावं: “इथे फार आवाज आहे, मी बाहेर थांबतो.”