टॉम सीव्हर गेला तेव्हा

बेसबॉल आपण पाहतो तो बहुधा इंग्रजी सिनेमात. पण आजची हकिगत समजायला त्या खेळाचे सगळे नियम यायला हवेत असे नाही. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, जवळजवळ आपला गोलंदाज, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. दुसरा शब्द 'ट्रेड'. आयपीएलमुळे तो आपल्यालाही आता परका राहिलेला नाही. एका संघाने आपला खेळाडू द्यायचा आणि बदल्यात दुसऱ्याचे घ्यायचे. खेळाडूला कधी विचारतात, कधी नाही. प्रेक्षकांना मात्र कोणीच विचारत नाही.

१९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कचे दोन जुने संघ, डॉजर्स आणि जायंट्स, कॅलिफोर्नियाला निघून गेले. त्यांच्या पोरक्या झालेल्या चाहत्यांसाठी १९६२ मध्ये मेट्स हा नवा संघ आला आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरला! लोक हसत हसत बघायला येत. १९६७ मध्ये टॉम सीव्हर आला आणि हसणे थांबले. १९६९ मध्ये त्याने २५ सामने जिंकून दिले आणि मेट्सने चक्क वर्ल्ड सिरीज जिंकली. 'द फ्रँचायझी' असेच त्याला म्हणत. म्हणजे संघ म्हणजेच तो.

मग पैशाचा प्रश्न आला. १९७५ च्या डिसेंबरमध्ये पीटर साइट्झ या लवादाने दिलेल्या निर्णयामुळे खेळाडूंना करार संपल्यावर मोकळे होण्याची वाट मिळाली आणि मानधने भराभर वाढू लागली. सीव्हरला आपला करार नव्याने हवा होता, शिवाय संघाने चांगले खेळाडू घ्यावेत असेही तो उघड बोलत होता. मेट्सचे अध्यक्ष एम. डोनाल्ड ग्रँट जुन्या वळणाचे. त्यांना हे रुचेना. त्यातच 'डेली न्यूज'चा स्तंभलेखक डिक यंग याने लिहिले, की नोलन रायनला जास्त पैसे मिळतात म्हणून सीव्हरची पत्नी जळते. जुळत आलेली तडजोड तिथेच मोडली. माझ्यावर लिहा, पण घरातल्या माणसांना कशाला ओढता, हा त्याचा राग कोणालाही समजण्यासारखा आहे.

१५ जून १९७७. त्या रात्री सीव्हर सिनसिनाटी रेड्सकडे गेला आणि बदल्यात चार खेळाडू आले. निरोपाच्या वेळी चाहत्यांविषयी बोलताना त्याला रडू कोसळले. आलेले चौघे टाकाऊ होते असे नव्हे. डग फ्लिनला तर १९८० मध्ये उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' मिळाला. पण त्यांच्याकडे बघताना लोकांना न दिसणारा पाचवाच दिसे.

ऑगस्टमध्ये सीव्हर रेड्सच्या पोशाखात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर आला आणि मेट्सला ५-१ ने हरवून गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्यासाठी. आपल्याच मैदानात आपल्या संघाविरुद्ध! १९७६ मध्ये साडेचौदा लाखांच्या वर प्रेक्षक आले होते, १९७९ मध्ये आकडा आठ लाखांच्या आत आला. सगळा दोष या एका व्यवहाराचा नाही. संघ तीन वर्षे तळाला होता आणि त्याच शहरातले यँकीज १९७७ आणि १९७८ मध्ये अजिंक्य ठरत होते. तरी लोकांनी ओस पडलेल्या स्टेडियमला नाव ठेवले ते 'ग्रँट्स टूम', म्हणजे ग्रँटचे थडगे. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची समाधी न्यूयॉर्कमध्येच आहे, त्यावरची ही कोटी. १९७८ च्या हंगामानंतर अध्यक्षांनाही जावे लागले.

१९८३ मध्ये सीव्हर परत आला. पण पुढच्याच जानेवारीत, राखून ठेवायच्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नावच घातले नाही म्हणून, शिकागोच्या व्हाइट सॉक्सने त्याला उचलले. त्याचा ३०० वा विजय १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच झाला, पण यँकीजच्या मैदानात आणि शिकागोच्या पोशाखात. ज्यांनी तो पाहिला त्या मेट्सच्या चाहत्यांना काय वाटले असेल!

२०२० मध्ये सीव्हर वारला. एप्रिल २०२२ मध्ये मेट्सच्या नव्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. गुडघा जमिनीला टेकत आलेला, चेंडू टाकण्याच्या ऐन क्षणी, अंगावर मेट्सचाच ४१ क्रमांकाचा पोशाख.