तोलामोलाची जोड

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती तुम्ही पाहिली आहे का? राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या या मैदानात ९० किलोच्या पैलवानासमोर ५० किलोचा पोरगा उभा केला, तर निकाल आधीच ठाऊक! ती कुस्ती पाहायला कोण थांबेल? म्हणून जाणकार मंडळी तोलामोलाची जोड लावतात. मग ताकदीबरोबर डाव आणि दम यांनाही महत्त्व येते.

मोटारींच्या शर्यतीत अशी जोड कोण लावते? ती लावतात नियम. याच कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीलगत धावणारी, छप्पर-दारे नसलेली चिमुकली गाडी. या स्पर्धेत एका गटातील सर्वांना एकाच कंपनीचे १२५ सी.सी.चे इंजिन वापरावे लागते. शिवाय ते सीलबंद असते. का बरे? उद्यमनगरात एकाच पॅटर्नवरून ओतलेली दोन कास्टिंग्ज बारकाईने मोजा. केसभर फरक सापडेलच. इंजिन उघडून, घासून कुणी असा केसभर फायदा उपटू नये, म्हणून हे सील.

वजनाचेही तसेच. बळ तेवढेच असेल, तर जड वस्तूचा वेग सावकाश वाढतो, हे न्यूटनने सांगितलेच आहे. म्हणून चालक आणि गाडी यांचे मिळून किमान वजन ठरलेले असते. चालक हडकुळा असेल, तर गाडीला शिशाची वजने जोडावी लागतात!

याने काय साधते? थोडे गणित करू. समजा, एक फेरी सुमारे ६० सेकंदांची, फेऱ्या १५ आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. आपल्या कौशल्याने तुम्ही दर फेरीला ०.१ सेकंद वाचवता. गाड्या सारख्या असतील, तर शेवटी तुम्ही १.५ सेकंदाने, म्हणजे ३० मीटरने पुढे असाल. वळणावर एक चूक झाली की तीही आघाडी गेली! पण प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनाने फेरीला ०.५ सेकंद वाचवला तर? तोच ६ सेकंदांनी, म्हणजे १२० मीटरने पुढे जाईल. तुमचे कौशल्य कुणाला दिसणारही नाही.

मग सगळेच सारखे केले की रंगत वाढत जाईल, असे वाटते ना? अमेरिकेतील नॅसकारच्या शर्यतींचा अनुभव पाहा. १९८७ साली टॅलाडेगा येथे बिल एलियटने ताशी सुमारे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून उडाली, कुंपणावर आदळली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. १९८८ पासून अशा अतिवेगवान ट्रॅकवर इंजिनाच्या हवेच्या वाटेत भोकांची पट्टी बसवली जाऊ लागली. हवा कमी, म्हणून शक्ती कमी, म्हणून वेगही कमी.

पण गंमत अशी झाली, की आता सर्वांचा वेग जवळजवळ सारखाच! पुढची गाडी हवा फोडते, त्यामुळे मागच्या गाडीला हवेचा विरोध कमी होतो आणि ती मागे पडत नाही. परिणामी तीस-चाळीस गाड्या एकमेकींना खेटून धावू लागल्या. प्रेक्षक श्वास रोखून पाहत. पण एकाची चूक झाली, तर पंधरा-वीस गाड्या एकदम आदळत. उलट, लहान आणि वळणावळणांच्या ट्रॅकवर सारख्या वेगाच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडणेच जड जाते. मग पहिला तो पहिलाच राहतो आणि शर्यतीची वरात होते!

म्हणून शहाणा नियमकर्ता सगळेच कुलूपबंद करत नाही. कार्टिंगमध्ये इंजिनाला सील असते. पण टायरमध्ये हवा किती भरायची, मागे किती दात्यांचे स्प्रॉकेट लावायचे, हे ठरवायला वाव असतो. दाते जास्त, तर गाडी वळणातून झटकन उचलते. दाते कमी, तर सरळ रस्त्यावर अधिक वेग मिळतो. काय निवडायचे? तिथेच डोके चालवावे लागते.

आता एक प्रयोग करा. शाळेच्या मैदानावर मित्राबरोबर सायकलची शर्यत लावा. थोडी विश्रांती घ्या, सायकली बदला आणि पुन्हा धावा. दोन्ही वेळा तोच जिंकला, तर श्रेय त्याच्या पायांचे. जिंकणारा बदलला, तर शाबासकी सायकलीला द्या!