पुढच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा?



बारावीचा निकाल लागतो. मुलगी चांगल्या गुणांनी पास होते, गावात पेढे वाटले जातात. रात्री मात्र आईबापांची कुजबूज चालते. पोरगी इंजिनियर व्हायचे म्हणते. पण फी कुठली, शहरातले राहणे-खाणे कुठले? शेवटी बाप म्हणतो, "ओढ्याकाठचे एक एकर काढून टाकू." आज बोलायचे आहे ते याच वाक्याविषयी. जमीन काढण्याआधी तीन वाटा आहेत, आणि त्या क्रमाने पाहायच्या असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्वत्ता आपण जाणतो; तिचा खर्च कसा भागला, तेही पाहा. 1913 साली सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत गेले. पुढे लंडनला शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली त्यांना परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांची भर पडली आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे शिष्यवृत्ती, कमाई आणि कर्ज अशा तिन्ही वाटा त्यांच्या एकाच शिक्षणात आल्या.

पहिली वाट शिष्यवृत्तीची, कारण हा पैसा परत करावा लागत नाही. मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या वर्गातील कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 साली आणखी एक निर्णय घेतला. इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व सामाजिक-शैक्षणिक मागासवर्ग यांतील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून हवा. संस्थेच्या कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. घाईने कोट्यातली जागा घेतली, की माफी गेलीच म्हणून समजा.

दुसरी वाट कमाईची. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा धडा घालून दिला. आज अनेक कॉलेजांत ही योजना चालते. तीत फी भागली नाही, तरी हातखर्च निघतो. पदवीनंतर तर शिकण्याचाच पैसा मिळू शकतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झालेल्यांचे विद्यावेतन 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाले. पीएच.डी. म्हणजे श्रीमंतांचे काम, ही समजूत आता सोडायला हवी.

तिसरी वाट बँकेच्या कर्जाची. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. आईवडील सहकर्जदार असतात. फेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. पण व्याज तोवर झोपलेले नसते बरे! पहिल्या वर्षी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरले, तर चार वर्षांचे शिक्षण व पुढचे एक वर्ष मिळून पन्नास हजार व्याज चढते. म्हणून जेवढे अडेल तेवढेच उचला आणि जमल्यास शिकत असतानाच व्याज भरत जा. तरीही सावकाराच्या दारापेक्षा आणि जमिनीच्या खरेदीखतापेक्षा ही वाट बरी.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हुशार मुलाची सवलत पुष्कळदा गुणांपायी नव्हे, कागदांपायी बुडते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागेल तिथे नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे निकालानंतर गोळा करायची नसतात. जात-वैधतेला तर कित्येकदा महिने लागतात. अकरावीतच वर्गात यादी करा, कुणाचे काय राहिले ते विचारा आणि पालकांना बोलावून सांगा. तुमचा तो एक तास कुणाचे तरी ओढ्याकाठचे एकर वाचवील.